उभी राहिली की नाचते

या वेळी आलेले प्रश्न चाळताना हसूच आलं, निम्म्याहून जास्त जणांचं एकच रडगाणं, गाडी रोडवर मस्त चालते पण सिग्नलला उभी केली की थरथरते. साक्रीकडच्या एका वाचकानं तर एका ओळीत विषय संपवला, "भाऊ, मनी गाडी उभी ऱ्हायनी का नाचस, पयस तवय मस्त पयस." याच्याहून नेमकं मला पण लिहिता आलं नसतं. म्हणून हा महिना याच दुखण्याचा. पहिलं उत्तर लांबलंय, पण बाकीच्यांनी पण ते आधी वाचा, तुमचं निम्मं उत्तर त्यातच सापडेल.

प्रश्न: नमस्कार भाऊ. मी अमळनेरचा, रिटायर शिक्षक. माझी २००४ ची मारुती ८०० आहे, एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरवाली, एसीवाली, एक लाख दहा हजार किलोमीटर झालेत. सात-आठ महिन्यांपासून गाडी उभी असली की स्टिअरिंग, आरसा, सीट सगळं थरथरतं. एसी लावला तर कधीकधी बंदच पडते. जळगावला आकाशवाणी चौकात दोनदा बंद पडली, मागच्या ट्रकवाल्यानं जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही. हायवेला ८० च्या स्पीडला काही त्रास नाही. आतापर्यंत प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, एका गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून पेट्रोल पंप पण नवा टाकला, फरक शून्य. शेवटी दुसऱ्यानं स्लो, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन फिरायचा वेग, वाढवून दिला, त्यानं थरथर कमी झाली पण आता एव्हरेज पडलंय आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की गाडी आपोआप पळते. मुलगा म्हणतो विकून टाका. काय करू?

उत्तर: सर, विकू नका. आणि सगळ्यात आधी तो वाढवलेला स्लो जागेवर आणून घ्या, कारण तो तसाच ठेवून काही तपासायला गेलात तर खरं दुखणं दिसणारच नाही. स्लो वाढवणं म्हणजे ताप आलेल्या पोराला गोधडी पांघरून थर्मामीटर लपवणं. इंजिन जोरात फिरायला लागलं की एक स्फोट हुकला तरी फ्लायव्हीलच्या वेगात तो झाकला जातो, बस, बाकी बिघाड आहे तिथंच. त्यात तुमच्या गाडीत थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा, जो स्टॉप स्क्रू आहे तो कंपनीत सेट करून दिलेला असतो, आयडल, म्हणजे स्लोच, सांभाळायचं काम कॉम्प्युटरचं, म्हणजे ईसीएमचं आहे, स्क्रू फिरवला की त्याचा हिशोबच बिघडतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत स्लोचा स्क्रू हे मेकॅनिकचं हत्यार होतं, एमपीएफआयमध्ये ते नाहीये, पण हाताची सवय जात नाही काही लोकांची.

आता एक गोष्ट मान्य करून टाकू, ८०० चं इंजिन तीन सिलेंडरचं आहे, ७९६ सीसी, ते थोडं थरथरणारच. चार सिलेंडरच्या गाडीत क्रँक अर्धा फेरा फिरला की एक स्फोट होतो, तुमच्यात २४० अंशांनंतर, म्हणजे दोन स्फोटांमधली मोकळी जागा मोठी. आणि तीनातला एक गडी बसला तर एक तृतीयांश ताकद गेली, म्हणून ८०० मध्ये मिसिंग, म्हणजे स्फोट हुकणं, जितकं जाणवतं तितकं मोठ्या गाडीत जाणवत नाही. पण आरसा हलणं आणि एसीवर बंद पडणं हे काय तीन सिलेंडरचं नशीब नाही, हा बिघाडच आहे.

हायवेला नीट आणि उभी असताना वाईट, ही तुम्ही दिलेली सगळ्यात कामाची माहिती आहे सर, आणि तेवढ्यावरूनच सांगतो की पेट्रोल पंप बदलायची गरज नव्हती. पंप कमजोर असता तर गाडी चढावर, ओव्हरटेकला, जिथं पेट्रोल जास्त लागतं तिथं मेली असती. एअर फिल्टरचं पण तेच, तो चोक झाला तर जोर कमी होईल, आयडलला इंजिनला लागतेच किती हवा. उलट बाजूनं बघा, वाटीभर वरणात चमचाभर मीठ जास्त पडलं तर तोंडात घेववत नाही, पण लग्नाच्या पंगतीच्या पातेल्यात तोच चमचा पडला तर कोणाला कळत पण नाही. आयडलला इंजिन वाटीभर हवेवर चालत असतं, तेव्हा कुठल्या तरी फाटक्या पाइपातून चोरून थोडी हवा आत शिरली तर गणित बिघडतं, ८० च्या स्पीडला तीच चोरीची हवा पातेल्यातला चमचा होते. शिवाय थ्रॉटल बंद असताना मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलेंडरकडं हवा नेणाऱ्या नळ्यांत, ओढ सगळ्यात जास्त, म्हणजे चोरी पण तेव्हाच सगळ्यात जास्त. मेकॅनिक लोक याला "इंजिन हवा घेतंय" म्हणतात.

मग आता स्वतः काय बघायचं. सकाळी थंड गाडी चालू करा आणि फक्त ऐका, घाई नको. थरथर एका तालात येते का, टक्-टक्-खड्, टक्-टक्-खड् अशी? तर एक सिलेंडर नीट जळत नाहीये. का आवाज झोका घेतल्यासारखा वर-खाली होतो, उंऽऽ उंऽऽ उंऽऽ करत? तर हवा नाहीतर आयडलचा व्हॉल्व्ह. सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरा, थोडा लांब, भाजेल नाहीतर, फुंकर एकसारखी लागते का मध्येच चुकते ते बघा. फुंकर एकदम एकसारखी आणि तरी आत सगळं हलतंय, तर इंजिन निर्दोष आहे, त्याच्या खालचे रबर गेलेत, म्हणजे माउंटिंग, काही जण फाउंडेशन म्हणतात. वीस वर्षांच्या गाडीत ते रबर मूळचे असतील तर आता दगड झाले असतील. कित्येक जणांची इंजिनं खोलली गेलीत या रबरापायी, मी डोळ्यांनी बघितलंय.

फुंकर चुकत असेल तर कुठला सिलेंडर ते शोधायचं. पूर्वीचे मिस्त्री चालू गाडीत प्लगची वायर उपटून बघायचे, ते करू नका, हजारो व्होल्टचा करंट असतो, झटका तर बसेलच पण कॉइल पण जाऊ शकते. तुमच्या गाडीत प्रत्येक इंजेक्टरला, म्हणजे पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या नळीला, एक छोटा कनेक्टर आहे, तो एकेक काढायचा, चार-पाच सेकंद थांबायचं, परत लावायचा. ज्याचा कनेक्टर काढल्यावर इंजिन आणखी लंगडलं तो काम करत होता. ज्याचा काढून काहीच फरक पडला नाही तो आधीच झोपलेला होता, हा तुमचा चोर. (हे करताना चेक इंजिनचा लाइट लागेल, घाबरायचं नाही, तो नंतर काढता येतो.) आता गाडी बंद करून त्या सिलेंडरचा प्लग शेजारच्या सिलेंडरला लावा आणि त्याचा इकडं. दुखणं प्लगबरोबर तिकडं गेलं तर प्लग. नाही गेलं तर वायरची अदलाबदल. मग इंजेक्टर. यात एक रुपया खर्च होत नाही, आणि नवीन पार्ट आणून लावून बघण्यापेक्षा हे कधी पण चांगलं, कारण सर, नवीन पार्ट पण खराब निघतो. तुम्ही प्लग बदललेत हे ठीक, पण त्यांची फट मॅन्युअलप्रमाणे मोजून लावली का? डब्यातून काढून सरळ आवळून देणारे खूप आहेत.

जुने काढलेले प्लग फेकले नसतील तर त्यांची तोंडं बघा. भुरकट चॉकलेटी म्हणजे तब्येत चांगली. चुलीवरच्या तव्यासारखा कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. काळा पण ओला तेलकट म्हणजे ऑइल वर चढतंय, रिंग नाहीतर व्हॉल्व्ह सील. पांढरा फटक म्हणजे हवा जास्त, परत आमची ती चोरीची हवा. तिघांपैकी एकच पांढरा असेल तर चोरी त्याच सिलेंडरच्या तोंडाशी, म्हणजे मॅनिफोल्डच्या गॅस्केटला. हा फरक लक्षात ठेवा, कारण मारुतीच्या या गाड्या मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजून पेट्रोल देतात, सगळ्यांना मिळून हवा घुसली तर कॉम्प्युटर बऱ्यापैकी सांभाळून घेतो आणि नुसता आयडल चढतो, पण एकाच्याच तोंडाशी घुसली तर तो एकटा उपाशी राहतो आणि मिसिंग मारतो.

रात्रीची एक परीक्षा मला फार आवडते. लाइट गेल्यावर (आपल्याकडे वाट बघावी लागत नाही) बोनेट उघडून गाडी चालू करा आणि प्लगच्या वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारा, केसांना मारतात ती बाटली चालेल. वायर फुटलेली असेल तर निळ्या ठिणग्या अशा नाचतात की दिवाळी आठवते. हात लांब ठेवा. त्याच बाटलीनं दिवसा रबरी पाइपांच्या जोडांवर, मॅनिफोल्डच्या सांध्यावर थोडं थोडं पाणी मारा, जिथं पाणी पडल्यावर आवाज क्षणभर बदलतो तिथं भोक आहे. गॅरेजमध्ये हेच काम कार्बोरेटर क्लीनरच्या स्प्रेनं करतात, तो पेट घेतो, गरम इंजिनवर घरी तो प्रयोग करू नका. ब्रेकच्या बूस्टरला जाणारा जाड पाइप पण बघा, पक्कडीत कापड धरून तो क्षणभर दाबला आणि इंजिन सुधारलं तर बूस्टरचा पडदा फाटलाय, मग तो विषय आयडलचा राहत नाही, ब्रेकचा होतो, लगेच करून घ्या.

माझीच फजिती सांगतो. पूर्वी एका झेनला मी दोन दिवस लावले, कॉइल बदलली, इंजेक्टर साफ केले, गिऱ्हाईकाचे पैसे पण घेतले. तिसऱ्या दिवशी माझ्याकडच्या पोरानं मॅनिफोल्डच्या मागं हात घालून सांगितलं, भाऊ इथं बोट ओढलं जातंय. एका नळीची रबरी टोपी गळून पडली होती, बोटाच्या पेराएवढी. कॉइलचे पैसे परत दिले, इंजेक्टरचे नाही दिले, साफ तर केलेच होते.

आता तुमचा एसी. एसी लागला की कॉम्प्रेसरचा भार येतो, तेव्हा कॉम्प्युटर आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह थोडा उघडून जास्तीची हवा देतो आणि इंजिन सावरतं. हा व्हॉल्व्ह आणि थ्रॉटलची पाकळी जिथं टेकते ती जागा, दोन्हीवर वर्षानुवर्षांचा काळा थर बसतो, व्हॉल्व्ह अडखळतो, हवा वेळेवर मिळत नाही आणि गाडी आकाशवाणी चौकात बसकण मारते. तुमची लक्षणं बघता मी आधी इथंच हात घातला असता. थ्रॉटल बॉडी काढून साफ करायची, थ्रॉटलचा स्प्रे वेगळा मिळतो तो घ्यायचा, सेन्सरवर उडवायचा नाही, परत लावताना गॅस्केट नवीन. साफ केल्यावर दोन-चार दिवस आयडल थोडा चढा राहू शकतो, कॉम्प्युटरला जुन्या घाणीची सवय झालेली असते. तेव्हा परत कोणाला स्क्रू फिरवू देऊ नका!

हे सगळं करून पण एक सिलेंडर झोपलेलाच राहिला तर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमधला दाब मोजायचा. तिघांचे आकडे जवळजवळ सारखे पाहिजेत. एकाचा बराच कमी आला तर टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारा भाग), व्हॉल्व्ह, नाहीतर हेड गॅस्केट, मग खर्च आहे, तेव्हा मुलाचं ऐकायचं का नाही ते ठरवा. पण तिथपर्यंत जायच्या आधी नाही. आणि मिसिंग मारणारी गाडी महिनोनमहिने तशीच ओढू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो तापून खराब होतो, मग पंपाचा खर्च बरा वाटेल.

प्रश्न: भाऊ, आमच्याकडे वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे, शहाद्याला. शेतातल्या शेडमध्ये दोन वर्षं उभी होती, आता चालू केली तर चोक अर्धा ओढून ठेवला तरच स्लोवर थांबते, चोक आत ढकलला की लगेच बंद. मेकॅनिक म्हणतो कार्बोरेटर नवीन टाका, पण ओरिजिनल मिळत नाही म्हणे. आणि उन्हाळ्यात गरम झाली की अर्धा तास चालूच होत नाही.

उत्तर: दादा, निदान तुमच्या गाडीनंच करून दिलंय. चोक ओढला म्हणजे हवा कमी केली, पेट्रोलचं प्रमाण वाढवलं, आणि त्यानं सुधारते म्हणजे एरवी तिला पेट्रोल कमी पडतंय नाहीतर हवा जास्त होतेय. दोन वर्षं उभ्या गाडीत फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल सुकून चिकट डिंक होतो आणि आयडलचं जेट, सुईच्या टोकाएवढं भोक असतं त्याचं, ते बुजतं. नवीन कार्बोरेटर कशाला, जुना ओरिजिनल असेल तर जपून ठेवा, बाजारातल्या नकली मालापेक्षा तो घासून-पुसून चांगला. खोलून साफ करायचा, जेटमध्ये तार घालायची नाही, भोक मोठं होतं, हवेचा प्रेशर मारायचा. खालची फ्लँज काचेवर ठेवून बघा, जास्त आवळल्यामुळं ती वाकते आणि तिथून हवा घेते, थ्रॉटलचा दांडा हलवून बघा, भोकात खुळखुळ करत असेल तर तिथून पण घेते. मग गाडी पूर्ण गरम करून मिक्श्चरचा स्क्रू हळूहळू फिरवत जिथं इंजिन सगळ्यात वेगानं आणि गोड चालतं तिथं थांबवायचा, आणि त्यानंतर स्लो. या गाडीत स्लोचा स्क्रू फिरवायला माझी काही हरकत नाही. ठिणगी पाडणारे पॉइंट आणि कंडेन्सर पण बघून घ्या, पॉइंट जळून खड्डे पडले असतील तर कार्बोरेटर कितीही सेट केला तरी स्लो बसत नाही, आणि लोक बिचाऱ्या कार्बोरेटरला शिव्या देतात.

गरम झाल्यावर चालू न होणं हे वेगळं. तुमच्या पंपातलं आणि पाइपातलं पेट्रोल उकळून वाफ होते, पंप इंजिनलाच चिकटलेला आहे, आणि मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. जुने टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे, ते आज पण चालतं. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टला चिकटून जात नाही ना तेवढं बघा.

प्रश्न: धुळ्याहून. वॅगन आर, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट. पेट्रोलवर आयडल एकदम गप, सीएनजीवर थरथर. किट खराब म्हणायचं का?

उत्तर: लगेच नाही. सीएनजी पेटवायला ठिणगी जास्त जोरदार लागते, त्यामुळं प्लग, कॉइल, वायर जरा दमले की आधी सीएनजीवर कळतं, पेट्रोलवर आणखी काही महिने कळत पण नाही. आधी प्लग बदला. मग गॅसचा फिल्टर, तो कित्येक जण किट बसवल्यापासून बदलतच नाहीत. मग गॅसच्या इंजेक्टरची रेल आणि गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर, ते किटवाल्याकडूनच ट्यूनिंग करून घ्या. थरथर हळूहळू पेट्रोलवर पण जाणवायला लागली, तर टॅपेट बघा, गॅसवर व्हॉल्व्हच्या सीट लवकर झिजतात, टॅपेटची फट संपते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. गॅसच्या सिलेंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची परीक्षा, दर ३ वर्षांनी लागते, झाली नसेल तर तेवढ्यासाठी जाल तेव्हा हे पण बघून होईल.

प्रश्न: मी जळगावला कॉलेजला आहे. पप्पांची २००८ ची अल्टो आता मी वापरते. सगळे म्हणतात नवीन इथेनॉलच्या पेट्रोलमुळं जुन्या गाड्या थरथरतात. खरं आहे का?

उत्तर: ताई, थोडं खरं आहे आणि बरंचसं आळशी मेकॅनिकचं निमित्त आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आता सगळीकडे आहे, ऊस आणि मक्यापासून होतं, म्हणजे आपल्याच धुळे-जळगावचा मका फिरून आपल्या टाकीत येतो म्हणा. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला ते जास्त लागतं. तुमची अल्टो एमपीएफआय आहे, सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर ते ओळखतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवून देतो, सेन्सर जिवंत असेल तर नुसत्या इथेनॉलनं आयडल बिघडायला नको. वरच्या पद्मिनीला ते जमत नाही, तिथं माणसानं सेट करावं लागतं. एव्हरेज मात्र थोडं कमी होणार, इथेनॉलमध्ये जळायला दमच कमी असतो, ते मान्य करा.

जुन्या गाडीला खरा त्रास दोन ठिकाणी. एक, जुने रबर, पेट्रोलचे पाइप, ओ-रिंग, ते इथेनॉल धरायला बनवलेच नव्हते, फुगतात, चिरतात. इंजेक्टरच्या ओ-रिंग कडक झाल्या तर तिथून पण हवा घेते, आणि पेट्रोलचा वास आला तर गाडी तिथंच बंद करा, उद्या बघू नाही. दोन, इथेनॉल पाणी ओढतं. गाडी रोज चालत असेल तर काही नाही, पण परीक्षा झाली, गावी गेलात, दोन महिने पाव टाकीवर उभी राहिली, तर परत आल्यावर पहिले काही दिवस ती रुसणारच. उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा.

प्रश्न: रावेर. केळीच्या शेडमध्ये गाडी लावतो. काल संध्याकाळपर्यंत चांगली होती, आज सकाळी एकदम तीन पायांवर चालल्यासारखी. एका रात्रीत इंजिन खराब होतं का?

उत्तर: नाही होत आप्पा, एका रात्रीत उंदीर होतात. हळूहळू वाढलेलं दुखणं झिजेचं, एका रात्रीतलं दुखणं तुटल्याचं नाहीतर निसटल्याचं. बोनेट उघडा, लेंड्या दिसतील, मग इंजेक्टरच्या बारीक वायरी आणि रबरी नळ्या टॉर्च घेऊन बोटांनी चाचपा. वायर तुटलेली सापडली तर पिळून टेप गुंडाळू नका, इंजिनच्या उष्णतेनं ती टेप सुटते आणि दोन महिन्यांनी तेच दुखणं परत, डाग देऊन वरून आकसणारी नळी चढवून घ्या. कोणी तंबाखूची पानं ठेवायला सांगतात. माझ्या गॅरेजमध्ये ठेवली होती, चार दिवसांनी पानं पण गायब. रात्री बोनेट उघडं ठेवा आणि गाडी केळीच्या घडांपासून लांब, शेडच्या बाहेर लावा.